किसन टेस्टचा फुलफॉर्म

रिटायर होऊन मी अवसरीला परत आले त्याला आता चार वर्षं होतील. आल्यापासून आठवडाभरात गावात ठरून गेलं की मी रॉकेटं बनवत होते. मी नाही म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. म्हणजे, 'कळलं, तुम्हाला सांगता येत नाही ना?' शेजारचे दत्तूनाना एकदा भर उन्हात दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, तुमी येवढी रॉकेटं उडवली, आमची पाच हॉर्सची मोटर तेवढी बघता का? निस्ती गुरगुरती, पानी उचलत न्हाई." मी जाऊन बघितली. कपॅसिटर गेला होता. नवा बसवला, मोटरने पाणी उचललं आणि माझ्या रॉकेटांवर कायमचं शिक्कामोर्तब झालं.

खरं सांगायचं तर मी जन्मात एकही रॉकेट बनवलेलं नाही. आधीची काही वर्षं कारखान्यांसाठी ऑटोमेशन केलं आणि पुढची सगळी वर्षं संरक्षणाच्या कामासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातलं पुष्कळसं लिहायला परवानगी नाही. जे लिहिता येतं ते इतकं कंटाळवाणं आहे की ते वाचून शत्रूलाही डुलकी लागेल. या अंकाच्या संपादकांनी मात्र फोनवर सांगितलं, "मॅडम, एखादा थरारक प्रसंग येऊ द्या." माझ्याकडे थरारक प्रसंग एकच आहे आणि तो दुधाचा आहे. त्यात एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती आणि त्याचं नाव तर गेलंच. चूक सर्वस्वी माझी होती. ती कशी झाली हे कळायला आधी आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल.

कारखान्यात माणूस काय करतो? बघतो, ठरवतो आणि हात चालवतो. टाकी भरत आली हे बघतो, आता पंप थांबवायला हवा असं ठरवतो आणि जाऊन बटण दाबतो. आम्ही ही कामं यंत्रांमध्ये वाटून देतो. बघायला सेन्सर, ठरवायला पीएलसी नावाचा डबा आणि हात म्हणून पंप, व्हॉल्व्ह वगैरे. डबा चपलांच्या खोक्याएवढा असतो. त्याच्यात आम्ही लिहून ठेवतो की हे झालं तर ते कर आणि ते झालं नाही तर थांब. डबा कमालीचा आज्ञाधारक. लिहिलेलं सोडून एक पाऊल इकडे तिकडे टाकणार नाही. तुमच्या मनात काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मी सव्वीस वर्षांची असताना आमच्या पुण्यातल्या कंपनीला या भागातल्या एका दूध प्लँटचं काम मिळालं. माहेर जवळ म्हणून मीच ते मागून घेतलं. त्या काळात इंजिनिअर बाई म्हणजे अपूर्वाईच. पहिल्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने मला अडवलं आणि विचारलं, "बाई, दूध घालायला आलाय व्हय? मंग किटली कुठंय?" मी तापट. त्याला जे काही बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. पुढे त्याच्याशी माझी चांगली गट्टी जमली.

प्लँटमध्ये एक पोलादाची उभी टाकी होती, दुमजली घराएवढी. टँकरचं दूध वरून तिच्यात यायचं. दूध घ्यायच्या आधी टाकी गरम पाण्याने आणि सोड्याने धुवायची, धुण्याचं पाणी तळाच्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे ड्रेन व्हॉल्व्हमधून, गटारात सोडून द्यायचं, मग तो व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दूध घ्यायचं. धुण्यापासून तळाचा व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत सगळं माझा डबा आपोआप करणार होता. तरीही हाताने करायची वेळ आलीच तर भिंतीवर एक पॅनल होतं. जागा वाचवायला मी प्रत्येक यंत्राला एकच बटण दिलं होतं. एकदा दाबलं की चालू आणि बटणात हिरवा दिवा. परत दाबलं की दिवा विझला आणि यंत्र बंद. प्रत्येक बटणाखाली नावाची कोरलेली पट्टी.

या पट्ट्या ड्रॉइंगमध्ये इंग्रजीत होत्या. प्लँटचे मॅनेजर म्हणाले, "आमच्या लोकांना इंग्रजी जमत नाही. मराठीत करून द्या." मला कोण आनंद झाला! कुणाला विचारलं नाही, घरी टेबलाशी बसले आणि तासाभरात सगळ्या पट्ट्यांचं मराठी करून टाकलं. पंप ऑन, म्हणजे 'पंप लावा'. ढवळणी ऑन, म्हणजे 'ढवळणी लावा'. ड्रेन व्हॉल्व्ह ऑन, म्हणजे 'ड्रेन व्हॉल्व्ह लावा'. इंजिनिअरच्या भाषेत व्हॉल्व्ह ऑन म्हणजे उघडा. मराठी वाचकांनी इथे थांबून स्वतःशी एकदा 'व्हॉल्व्ह लावा' म्हणून बघावं. मी थांबले नाही.

ऑपरेटर पाच होते. चौघांना मी तीन दिवस हाताला धरून शिकवलं. पाचवा किसन, डिंभ्याचा. त्यांची खालची जमीन धरणात गेलेली, वरचा डोंगरउतारावरचा भाताचा तुकडा राहिलेला. तो भातलावणीसाठी आठ दिवस रजेवर होता. अनेक वर्षं हंगामी म्हणून काम केलेलं आणि त्याच महिन्यात कायम व्हायचा होता. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा, बोलायला कमी, आणि कोणतंही काम करायच्या आधी लिहिलेलं नीट वाचायची सवय. रजा संपवून तो थेट सकाळच्या पाळीला आला. बाकीचे म्हणाले, "सोपं हाय, पट्ट्या मराठीत हायेत."

त्या सकाळी टाकी धुऊन झाली होती. पाणी सोडून डब्याने तळाचा व्हॉल्व्ह बंदही केला होता, त्यामुळे त्या बटणाचा दिवा विझलेला होता. टँकर येऊन उभा. किसनने पॅनल बघितलं. 'ड्रेन व्हॉल्व्ह लावा' आणि दिवा नाही. म्हणजे अजून लावलेला नाही. त्याने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. हिरवं म्हणजे ठीक. मग त्याने दुधाचा पंप सुरू केला.

वरून दूध येत होतं आणि तळातून जात होतं. टाकीतली पातळी वाढत नाही हे डब्याला दिसत होतं, पण असं दिसलं तर ओरड, असं मी त्याला लिहून दिलं नव्हतं. प्लँटबाहेर दूध घालायला आलेल्या लोकांना नाला पांढरा झालेला दिसला तेव्हा बोंब झाली. गावोगावचे लोक किटल्या खाली ठेवून नाल्याच्या कडेला उभे होते. त्यांच्याच घरचं दूध ते. एक म्हातारी मोठमोठ्याने रडत होती, ते मी कधी विसरले नाही.

व्हॉल्व्ह बिघडला की कोणी बटण दाबलं, असं मॅनेजरने मला विचारलं. माझा डबा प्रत्येक गोष्टीची नोंद छापायचा. मी कागद फाडून आणला आणि छाती पुढे काढून दाखवला. यंत्र चोख होतं, बटण माणसाने दाबलं होतं. मला अभिमान वाटला, हे कबूल करते. किसनला बोलावलं. तो एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, "साहेब, म्या व्हॉल्व्ह लावला व्हता. आईशपथ, लावला व्हता."

मॅनेजरने कागदावर लिहिलं, 'चूक कबूल आहे.' मीही तेच ऐकलं होतं.

दुपारी सायकलस्टँडवर किसन भिंतीला टेकून बसलेला दिसला. घरी जाणारी गाडी संध्याकाळी होती आणि आत कोणी त्याला उभं करत नव्हतं. मी जरा समजुतीचं बोलायला गेले, म्हणजे चूक कोणाकडूनही होते वगैरे. तो वर बघून म्हणाला, "बाई, मला येक सांगा. लावल्याला व्हॉल्व्ह उघडा कसा ऱ्हाईल?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि कानशिलं तापली. आम्ही दार लावतो म्हणजे बंद करतो. दिवा लावतो म्हणजे चालू करतो. एकाच शब्दाने दोन्ही कामं करत आपण लहानाचे मोठे होतो आणि आपल्याला कधी अडचण येत नाही. चौघा ऑपरेटरांनी मी दाखवलेलं दिव्यांवरून पाठ केलं होतं, पट्टी कोणी वाचलीच नव्हती. अख्ख्या प्लँटमध्ये मी लिहिलेलं नीट वाचणारा माणूस एकटा किसन निघाला, आणि त्याचीच नोकरी चालली होती.

दुसऱ्या दिवशी चौकशी होती. त्याच दिवशी काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही व्हायची होती, म्हणून पुण्याहून आमचे साहेबही आले. मी त्यांना गेटवरच गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "यंत्रात दोष नाही. शब्दाचे दोन अर्थ असतील, ते मराठी भाषेचं बघू आपण सवडीने. तू आत एक अक्षर बोलायचं नाहीस."

आत चेअरमन होते, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. धोतर, टोपी, स्वतः बागायतदार. मॅनेजर, आमचे साहेब आणि मी. किसन दाराबाहेर उभा. मॅनेजरने कालचा कागद वाचायला घेतला. मी दोन ओळी ऐकल्या आणि उभी राहिले.

"मॅनेजरसाहेब, जरा ते दार लावता का?"

त्यांना वाटलं काहीतरी गुप्त आहे. त्यांनी उठून दार बंद केलं.

"आता पंखा लावता?"

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. आमच्या साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी असती तर खाली बसली असती.

"दार लावा म्हटलं तर तुम्ही बंद केलंत. पंखा लावा म्हटलं तर चालू केलात. आता सांगा, व्हॉल्व्ह लावा म्हटलं तर काय कराल?"

"चालू करीन. म्हणजे उघडीन," मॅनेजर म्हणाले.

"उघडीन?" आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "व्हॉल्व्ह लावला म्हंजी बंद! आमच्या पायपलायनीला तीन व्हॉल्व्ह हायेत. वरल्या वावरात पानी द्यायचं तवा खालचा लावायचा आन वरचा सोडायचा. रोजचं हाय ते."

"पण आप्पा, मोटर लावा म्हणजे चालूच ना?"

"मोटर येगळी, व्हॉल्व्ह येगळा! मोटर काय दार हाय का?"

"व्हॉल्व्ह तरी दार आहे का?"

"मंग काय हाय? पान्याचं दारच की राव ते!"

चेअरमन आणि मॅनेजर एकमेकांशी भांडायला लागले आणि चौकशी बाजूला राहिली. मी थोडा वेळ त्यांना भांडू दिलं, कारण मजा येत होती. मग मी म्हणाले, "पट्टी मी लिहिली आहे. कोणाला न विचारता लिहिली. किसनभाऊंनी पट्टीवर लिहिलेलं तंतोतंत केलं. तळाचा व्हॉल्व्ह बंद आहे याची खात्री करूनच त्यांनी दूध घेतलं. माझ्या पट्टीने त्यांना फसवलं. चूक माझी आहे, तसं कागदावर लिहा."

आप्पांनी दार उघडायला लावून किसनला आत घेतलं. "काय रं, व्हॉल्व्ह लावला म्हंजी काय केलास?"

"बंद केला आप्पा. दुसरं काय करणार?"

आप्पांनी मॅनेजरच्या हातातला कागद घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले. किसन त्याच महिन्यात कायम झाला. माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ मोठ्या माणसांनी माझ्या कामाचं कौतुक केलं, पण त्या चार तुकड्यांइतका आनंद मला कशानेच झाला नाही.

पुढचे चार दिवस पाची ऑपरेटर आणि मी पॅनलसमोर सतरंजी टाकून बसलो. एकेक पट्टी वाचायची आणि याच्यावरून तू काय करशील, असं प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत की पट्टी रद्द. एका बटणाची दोन बटणं केली, 'तळाचा व्हॉल्व्ह सोडा' आणि 'तळाचा व्हॉल्व्ह बंद करा'. पातळी वाढली नाही तर भोंगा वाजायची सोय केली. भोंग्याची पट्टी किसनने सांगितली, 'दूध कुठं जातंय बघा'. तशीच कोरून घेतली. पुढची कितीतरी वर्षं ते पॅनल चाललं आणि पुन्हा कधी नाला पांढरा झाला नाही.

त्या चार दिवसांनी आमचे साहेब राहिलेली सही घ्यायला पुन्हा आले आणि परतताना मला गाडीत घेतलं. खेडला चहा पिताना म्हणाले, "उद्यापासून तू ऑफिसात बस. साइटवर नको." काही महिने मी ऑफिसात फायलींना दोरे बांधले आणि मग संरक्षणाच्या कामाची जाहिरात बघून अर्ज केला. मुलाखतीत एका वयस्कर शास्त्रज्ञांनी विचारलं, तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती? बाकीचे उमेदवार, मला नंतर कळलं, 'मी फार काम करतो' छापाची उत्तरं देऊन गेले होते. मी दुधाची गोष्ट सांगितली. सगळे पोट धरून हसले. मग ते शास्त्रज्ञ हसायचे थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडे बटणं आहेत. दूध नाही. तुम्ही या."

तिथे आमची तुकडी तपासणीची सॉफ्टवेअर लिहायची. मोठं उपकरण मैदानावर जाण्याआधी ते ठीक आहे की नाही, हे बघणारं यंत्र असतं, त्याचा पडदा आणि त्यामागची अक्कल आमची. आई विचारायची, "काय करतीस गं तिथं?" मी म्हणायची, सांगता येत नाही. ती म्हणायची, "म्हंजी काईच करत न्हाईस."

एक प्रसंग मात्र सांगता येईल. एका तपासणी यंत्राच्या पडद्यावर हवेचा दाब मर्यादेबाहेर गेला की इंग्रजीत 'प्रेशर ओव्हर' असं यायचं. तीन समित्यांनी तपासून पास केलेलं. सुपूर्द करायचा दिवस ठरलेला, एक मोठे अधिकारी घड्याळ बघत उभे. मी म्हणाले, हे यंत्र जो चालवणार आहे त्याला बोलवा. हवालदार आला, पंजाबकडचा, मिशा झुबकेदार. नुसता सराव होता, आत दाब वगैरे काही नव्हता. पडद्यावर मी तो संदेश आणला आणि विचारलं, आता काय करणार? त्याने झाकणाला हात घातला.

"मॅडम, प्रेशर ओव्हर. मतलब प्रेशर खतम. ढक्कन खोल दूँ?"

खऱ्या कामात दाब सगळ्यात जास्त असताना तो झाकण उघडणार होता, आणि आपल्याकडे ओव्हर म्हणजे संपलं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. अधिकारी तरीही म्हणाले की इतक्या इंजिनिअरांनी पास केलंय, पुढच्या खेपेला बदलू. मी सही करायला नकार दिला. हवालदाराने पास केलं तरच करीन, म्हणाले. बराच आवाज चढला, त्यांचाही आणि माझाही. शेवटी संदेश बदलला आणि यंत्र दोन दिवस उशिरा गेलं. जाताना ते अधिकारी माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "या तपासणीला तुमच्यात काही नाव आहे का?" मी पटकन बोलून गेले, "किसन टेस्ट."

ते नाव चिकटलं. आमच्या विभागात प्रत्येक पडदा, प्रत्येक पट्टी प्रत्यक्ष वापरणाऱ्या दोघातिघांना वेगवेगळं विचारून घेतल्याशिवाय पुढे जाईना. "किसन झाला का?" असं लोक जेवणाच्या टेबलावर विचारायचे. माझ्या हाताखाली कानपूरचा तिवारी आला, हुशार आणि कागदपत्रांत पक्का. त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या विभागात इंग्रजीत पाच अक्षरी नाव आहे म्हणजे त्याचा फुलफॉर्म असणारच. मला विचारायला तो घाबरला असावा. त्याने के पासून एन पर्यंत पाच भारदस्त इंग्रजी शब्द जुळवले आणि नियमावलीत घालून टाकले. मी ते वाचलं तेव्हा खोलीचं दार लावून एकटी हसत बसले. दुरुस्त काही केलं नाही. दुधाची गोष्ट त्याने पुढे माझ्याकडून ऐकली, पण ती मी नावासाठी रचलेली आहे असंच त्याला वाटत राहिलं.

गेल्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला मंचरच्या बँकेत रांगेत उभी होते. पुढे एक म्हातारा अंगठा उमटवायच्या यंत्राशी झटत होता. आयुष्यभर राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र काही त्याला ओळखेना. मी म्हणाले, करंगळी लावून बघा. उमटली. त्याने वळून बघितलं.

"बाई! तुमी पॅनलवाल्या बाई न्हव का?"

किसनभाऊ. आम्ही दोघं नुसतेच हसत उभे राहिलो. तेवढ्यात दारातून कोणीतरी ओरडलं, "ए दूधसांड्या, चल, जीप निघाली!"

मी विचारलं, कोणाला म्हणतोय तो? किसनभाऊ सहज म्हणाले, "मलाच. तवापासून त्येच नाव पडलंय. आता खरं नाव डिंभ्यात कुनाला ठावबी नसंल. पोराची सोयरीक बघाया पावणं आलं, त्येंनी श्टँडावर इचारलं, दूधसांड्याचं घर कंचं?"

घरी येऊन मी सगळं पुन्हा आठवून बघितलं. चौकशी बंद खोलीत झाली होती. कागद फाटला, नोकरी टिकली, आणि मी तोच विजय उराशी धरून मुलाखतीत, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे ती गोष्ट रंगवून सांगत फिरले. गावाने बघितला होता तो पांढरा नाला. गावात जाऊन कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी फोन करून म्हणाले, किसनभाऊ, मी येते आणि सांगते. ते म्हणाले, "कशाला बाई जुनं मढं उकरायचं? लई वर्सं झाली." मी ऐकून घेतलं, कारण मलाही तेच सोयीचं होतं. त्याची लाज अजून वाटते.

या हिवाळ्यात तिवारी बायकोला घेऊन आला. आता तो विभागप्रमुख आहे, केस पिकलेत. त्याला धरण बघायचं होतं. बघून झाल्यावर डिंभ्याच्या थांब्याजवळच्या हॉटेलात चहाला बसलो. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चार बाकं. आठदहा माणसं यष्टीची वाट बघत होती. किसनभाऊंना मी निरोप धाडला होता, ते आले, हातात माझ्यासाठी पिशवीत मासे. मी तिवारीला म्हणाले, हे किसनभाऊ, दूध प्लँटमधले.

तिवारी कप हातात धरून थिजला. "किसन? मॅडम, किसन टेस्टवाले किसन? ये सच में आदमी हैं?"

"आदमीच आहेत."

"और मैंने इनका फुलफॉर्म बना दिया!" असं म्हणून त्याने कप खाली ठेवला, उठला आणि सरळ किसनभाऊंच्या पाया पडला. त्याच्यापाठोपाठ त्याची बायकोही. किसनभाऊ दोन पावलं मागे सरले. "आवं पावणं, काय करताय ह्ये!"

हॉटेलचा मालक चुलीमागून म्हणाला, "दूधसांड्या, कोन रं ह्ये पावणं?"

"क्या बोला इनको?" तिवारीने मला विचारलं.

त्या शब्दाचं हिंदी करून सांगायला मी तोंड उघडलं आणि मला ते जमेना. मी उभी राहिले. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या दिवशी दूध यांनी सांडलं नाही. मी सांडलं. पट्टी मी चुकीची लिहिली होती. यांनी बरोबर वाचली."

मग मफलर गुंडाळलेले एक आजोबा म्हणाले, "मंग बाई, येवढी वर्सं सांगितलं का न्हाई?"

"मला माहीत नव्हतं तुम्ही यांना काय म्हणता. माहीत करून घ्यायला हवं होतं."

"आन ह्ये पावणं पाया का पडलं?"

ते मी सांगितलं. लष्कराच्या कामात नवं यंत्र तयार झालं की ते चालवणाऱ्या माणसाला आधी वाचायला देतात, त्याला नीट कळलं तरच पुढे जातं, आणि त्या तपासणीचं नाव किसन आहे. मालक झारा हातात घेऊन बाहेर आला. "आपला किसन?"

"तुमचाच."

"कागद हाय का तसा?"

"आहे, पण दाखवता येत नाही."

मालकाने तिवारीकडे बघितलं. तिवारीला मराठी अर्धंमुर्धं कळत होतं. त्याने गळ्याला हात लावला आणि म्हणाला, "भाईसाब, बच्चों की कसम." मालक आत गेला, बाक पुसायचं फडकं घेऊन आला आणि किसनभाऊंच्या पुढ्यातली जागा पुसत म्हणाला, "बसा किसनराव. इस्कटून सांगा की राव, काय झालं व्हतं त्ये."

किसनभाऊ बसले. चहाचा घोट घेतला. एवढ्या वर्षांत त्यांनी गावात कधी माझं नाव घेतलं नव्हतं, हे मला त्यांनी आधी माझी परवानगी घेतली त्यावरून कळलं. माझ्याकडे एकदा बघून, मी मान हलवल्यावर ते म्हणाले, "तर चूक बाईंची व्हती. लई हुशार बाई, पन चूक त्येंचीच." आणि मग त्यांनी पॅनलपासून सुरुवात केली.

ते मॅनेजरपर्यंत आले तेव्हा आहुप्याकडून आलेली रिकामी यष्टी थांब्यावर येऊन उभी राहिली. त्या रस्त्याला यष्टीचा भरवसा नाही, ही गेली तर पुढची कधी हे कंडक्टरलाही सांगता येत नाही. त्याने दोनदा घंटी मारली. "मंचर, मंचर" ओरडला. एकजण पिशवी उचलून चार पावलं गेला, वळून बघितलं आणि परत बाकावर येऊन बसला. किसनभाऊ आप्पांचा आवाज काढून बोलत होते. मालकाने कंडक्टरला हातानेच जा म्हणून खूण केली.

यष्टी रिकामीच गेली.